कॅन्सरनंतर विमा काढताना: आधी फाइल, मग अर्ज

कॅन्सरचे उपचार संपले की डॉक्टर म्हणतात, "आता तीन महिन्यांनी या." हळूहळू तीनाचे सहा होतात, आयुष्य रुळावर येऊ लागतं, आणि कधीतरी विम्याचा विषय निघतो. कुणाला गृहकर्ज घ्यायचं असतं, कुणाची मुलं लहान असतात, कुणाला नोकरी बदलायची असते. अर्जात एक प्रश्न हमखास असतो: 'आपल्याला कधी कॅन्सर झाला आहे का?' 'हो'च्या चौकटीत खूण करताना हात थबकतो.

माझाही थबकला होता. स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं करून जेमतेम चार महिने झाले होते. घाईघाईने अर्ज केला आणि दोन ओळींचं उत्तर आलं: सध्या आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही. कारण दिलेलं नव्हतं, पुढे काय करावं तेही नव्हतं. त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या शेजारी बसून त्यांचे अर्ज भरायला मदत केली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. विमा कंपनीसमोर तुम्ही नसता, तुमचे कागद असतात. कागद जिथे काही सांगत नाहीत तिथे कंपनी वाईटातली वाईट शक्यता धरून चालते. त्यामुळे निम्म्याहून जास्त काम अर्ज हातात घेण्याआधीच उरकायचं असतं.

नव्याच्या आधी जुनं बघा

घरातल्या सगळ्या पॉलिसी एकदा बाहेर काढा. निदानाच्या आधी घेतलेली जीवन विम्याची पॉलिसी कॅन्सर झाला म्हणून रद्द होत नाही, तिचा हप्ताही त्या कारणाने वाढत नाही. आज तुम्हाला जे मिळवायला धडपडावं लागणार आहे ते या जुन्या कागदात कदाचित आधीच आहे. ती पॉलिसी काहीही करून चालू ठेवा. हप्ता चुकून ती बंद पडली, तर पुन्हा सुरू करताना कंपनी बहुधा प्रकृतीबद्दल नव्याने लिहून मागते, आणि तिथे कॅन्सरचा प्रश्न पुन्हा समोर येतो. उपचारांच्या धावपळीत हप्ता राहून गेला असेल तर सवलतीचे दिवस अजून आहेत का, ते आजच विचारा.

त्या पॉलिसीला जोडलेले रायडरही, म्हणजे जादा हप्त्यावर घेतलेली पूरक संरक्षणंही, वाचा. गंभीर आजाराचा रायडर असेल तर निदान होताच ठरलेली रक्कम मिळायला हवी होती. कित्येकांना ते ठाऊकच नसतं. काही पॉलिसींत गंभीर आजारानंतर पुढचे हप्ते माफ होतात. दाव्याची मुदत उलटून गेली असं वाटलं तरी कंपनीला लिहून विचारा. एजंटने 'आता काही मिळणार नाही' असं तोंडी सांगितलं, तर तेवढ्यावर थांबू नका.

नोकरीच्या ठिकाणी समूह विमा असेल तर त्याची किंमत आत्ताच ओळखा. समूह विम्यात एकेका माणसाची प्रकृती फारशी तपासली जात नाही, किंवा ठरावीक रकमेपर्यंत तपासतच नाहीत. मात्र त्यात शिरायला खिडकी ठरलेली असते: नोकरीला लागल्यावर काही दिवस, नाहीतर वर्षातून एकदा. ती चुकली की मग प्रकृतीचे प्रश्न येतात. जोडीदाराच्या नोकरीतून तुम्हाला विमा मिळतो का, तेही बघा. नोकरी सोडणार असाल तर राजीनामा देण्याआधी विचारून घ्या की समूह विमा वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळतो का आणि किती दिवसांत अर्ज करावा लागतो. हे दिवस मोजकेच असतात.

कंपनी नेमकं काय मोजते

अर्ज ज्याच्या टेबलावर जातो त्याला अंडररायटर म्हणतात. त्याच्या दृष्टीने 'कॅन्सर' हा एक आजार नसतोच. त्याला हवं असतं: कोणत्या अवयवाचा, पेशी कोणत्या प्रकारच्या, गाठ केवढी, ग्रेड काय (पेशी किती आक्रमक दिसतात), काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या, म्हणजे कॅन्सरमुक्त आल्या का, किती लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्या आणि त्यातल्या किती बाधित निघाल्या, कुठे पसरला होता का, उपचार कोणते, ते कधी संपले, त्यानंतर काय. यातला प्रसाराचा भाग बहुतेक वेळा टी-एन-एम या पद्धतीच्या एका ओळीत मावतं. गाठ, ग्रंथी आणि दूरवरचा प्रसार अशी ती तीन अक्षरं आहेत. तुमच्या रिपोर्टमध्ये ही ओळ कुठे आहे ते शोधा आणि डॉक्टरांकडून समजून घ्या.

त्यानंतर येतो काळ. पुष्कळ कॅन्सरमध्ये परत उद्भवण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त असतो आणि नंतर उतरत जातो. निदानाच्या दिवशी सांगितलेली शक्यता तीन वर्षं निरोगी काढलेल्या माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाही. त्याची शक्यता तोवर सुधारलेली असते. अंडररायटरला हे माहीत असतं. वाट बघण्यात जे हशील आहे ते यामुळेच.

पण सगळ्या कॅन्सरचं घड्याळ एकाच गतीने चालत नाही. त्वचेचा बेसल सेल प्रकार पूर्ण काढून टाकला असेल तर बऱ्याच कंपन्या त्याला फारसं महत्त्व देत नाहीत. लवकर सापडलेला थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर किंवा अंडकोषाचा सेमिनोमा यांना तुलनेने लवकर चांगल्या अटी मिळतात. उलट, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या आधाराने वाढणारा स्तनाचा कॅन्सर पाच वर्षांनंतरही, अगदी पंधरा-वीस वर्षांनीही परतू शकतो. म्हणून तिथे पाच वर्षं उलटली तरी कंपनी जरा हात राखूनच असते. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनचे आणि हर-२ हे रिसेप्टर नसलेला स्तनाच्या कॅन्सरचा प्रकार सुरुवातीला जास्त आक्रमक असतो, पण पहिली पाच वर्षं निभावली की त्याचा धोका बराच ओसरतो. हे समजलं तेव्हा मला बरं वाटलं होतं असं नाही, माझा प्रकार पहिला. पण कंपनी असं का वागते ते कळलं, आणि कुणाशी काय बोलायचं तेही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कंपनीला फक्त कॅन्सरची चिंता नसते, उपचारांच्या मागे राहिलेल्या परिणामांचीही असते. डॉक्सोरुबिसिनसारखी केमोची औषधं, ट्रॅस्टुझुमॅब हे स्तनाच्या कॅन्सरच्या काही प्रकारांवरचं औषध आणि छातीवरचं रेडिएशन यांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. तुम्हाला यातलं काही मिळालं असेल तर अलीकडची इकोकार्डिओग्राफी फाइलमध्ये असणं फार मोलाचं आहे. आहे आणि चांगली आहे, तर एक शंका जागीच मिटते.

फाइल

माझ्या नकारामागचं कारण मला वर्षभराने समजलं. निदानाच्या वेळी केलेल्या पेट-सीटीत फुप्फुसात एक लहानसा डाग दिसला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, 'प्रसार नाकारता येत नाही, पुढे तपासावे.' पुढे तपासलंही. चार महिन्यांनी केलेल्या सीटीत तो जुन्या संसर्गाचा व्रण निघाला आणि डॉक्टरांनी तो विषय संपवला. मी अर्जाला पहिला रिपोर्ट जोडला होता. दुसरा घरी कपाटात होता. कंपनीच्या कागदांत माझा कॅन्सर फुप्फुसापर्यंत गेलेला असू शकत होता.

म्हणून फाइल लावताना प्रत्येक कागद परक्या माणसाच्या नजरेने वाचा. 'शंका', 'पुढे तपासावे', 'संबंध लावून बघावा' असे शब्द जिथे येतात तिथे पेन्सिलने खूण करा आणि त्या शंकेचं उत्तर देणारा कागद लगेच त्याच्यामागे लावा. उत्तर देणारा कागद नसेल तर डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या.

फाइलमध्ये असायलाच हवं ते एवढं:

– बायोप्सीचा आणि शस्त्रक्रियेनंतरचा पूर्ण हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, म्हणजे काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीचा. सगळ्यांत वजनदार कागद हाच. फक्त निष्कर्षाचं पान नको, सगळी पानं हवीत.
– गाठीच्या प्रकाराप्रमाणे रिसेप्टर किंवा मार्करचे रिपोर्ट.
– स्टेज ठरवताना केलेले स्कॅन आणि त्यानंतरचे सगळे, तारखेच्या क्रमाने.
– प्रत्येक वेळच्या भरतीची डिस्चार्ज समरी, केमोच्या औषधांची नावं आणि सायकल, रेडिएशन पूर्ण झाल्याचा दाखला.
– उपचारांनंतरच्या प्रत्येक तपासणीची नोंद, अगदी 'सर्व ठीक' एवढंच लिहिलेली चिठ्ठीसुद्धा.

शेवटच्या ओळीवर थोडं थांबते. बरं वाटायला लागलं की फॉलोअप टाळला जातो. भीती वाटते, सुट्टी मिळत नाही, पुन्हा त्या इमारतीत पाऊल टाकवत नाही. हे मला पूर्ण समजतं. पण विम्याच्या कागदावर चुकलेली तपासणी 'माहीत नाही' या रकान्यात जाते. तीन वर्षांत सहा तपासण्या आणि सहाही स्वच्छ, हा कंपनीसमोर ठेवता येईल असा पुरावा आहे. तीन वर्षांत एकदाच गेलेल्याला तो दाखवता येत नाही, प्रकृती तितकीच चांगली असली तरी.

हॉस्पिटलं कागद कायम ठेवत नाहीत. उपचारांना काही वर्षं होऊन गेली असतील तर रेकॉर्ड विभागात लगेच अर्ज द्या. मिळालेला प्रत्येक कागद स्कॅन करून ठेवा. काही कागदांवरची छपाई काही वर्षांत पुसट होते.

डॉक्टरांचं पत्र

ऐंशी पानांची फाइल कुणीही निवांत बसून वाचत नाही. तिच्यावर तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांचं एक पानी पत्र हवं. डॉक्टर कामात असतात, त्यामुळे 'विम्यासाठी एक पत्र द्या' एवढंच म्हटलं तर 'रुग्ण उपचारांखाली होता, सध्या प्रकृती ठीक' असं एक वाक्य मिळतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही. मसुदा स्वतः तयार करून न्या. साधारण असा:

"यांना अमुक महिन्यात उजव्या स्तनाच्या इन्व्हेजिव डक्टल कार्सिनोमाचे निदान झाले. ट्यूमर २.४ सेंमी, ग्रेड २, कडा मोकळ्या, तपासलेल्या १४ लसिका ग्रंथींपैकी एकही बाधित नाही, दूरवर प्रसार नाही. शस्त्रक्रिया, केमोथेरपीच्या अमुक सायकल आणि रेडिएशन अमुक तारखेस पूर्ण झाले. सध्या फक्त प्रतिबंधात्मक हार्मोन गोळी चालू आहे. शेवटची तपासणी अमुक तारखेस झाली. पुनरुद्भवाचे कोणतेही लक्षण नाही. हृदयाचे कार्य सामान्य. निदानाच्या वेळी फुप्फुसात दिसलेला डाग नंतरच्या सीटीत जुना व्रण असल्याचे निश्चित झाले. रुग्ण पूर्ण वेळ काम करतात."

आकडे, तारखा, शंकेचं उत्तर आणि रोजचं जगणं, एवढं त्यात आलं की पुरे. हार्मोनच्या गोळीबद्दलचं वाक्य वगळू नका. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं चालते. ती उपचारांचा भाग धरायची की प्रतिबंधाचा, यावर 'उपचार कधी संपले' याची तारीख अवलंबून असते. ते डॉक्टरांनीच स्पष्ट लिहिलेलं बरं.

अर्ज कधी करायचा

घाई केल्याचं नुकसान मी सोसलं आहे, म्हणून आग्रहाने सांगते. लवकर केलेल्या अर्जाचा नकार तिथल्या तिथे विरत नाही. 'यापूर्वी कोणत्या कंपनीने तुमचा प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्यावर स्वीकारला आहे का?' हा प्रश्न बहुतेक अर्जांत असतो आणि त्याचं खरं उत्तर द्यावं लागतं. अमेरिकेत तर एमआयबी नावाची संस्था आहे, तिच्या सभासद विमा कंपन्या अर्जदारांच्या प्रकृतीची सांकेतिक माहिती तिथे नोंदवतात आणि एकमेकांच्या नोंदी पाहतात.

त्यामुळे आधी चौकशी करायची आणि अर्ज मागाहून. विमा ब्रोकरला, म्हणजे एकाच कंपनीच्या एजंटला नव्हे तर अनेक कंपन्यांचं काम करणाऱ्याला गाठा. त्याला विचारा: माझं नाव न देता, फक्त वैद्यकीय माहितीवर तुम्ही तीन-चार कंपन्यांकडून प्राथमिक मत घेऊन द्याल का? डॉक्टरांचं एक पानी पत्र, नाव झाकून, इथे कामी येतं. उत्तरं साधारण अशी येतात: 'विचार करू', 'अमुक जादा हप्त्यावर शक्य', 'उपचार संपून तीन वर्षं झाल्यावर या'. हे मत कंपनीवर बंधनकारक नसतं, पण दार कुठे किलकिलं आहे ते कळतं. आणि औपचारिक अर्ज झालेला नसल्याने नकाराची नोंदही होत नाही.

एका कंपनीचं 'नाही' म्हणजे सगळ्यांचं 'नाही' असं नसतं. विमा कंपन्या मोठी जोखीम पुढे पुनर्विमा कंपन्यांकडे, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडे, सोपवतात; म्युनिक री आणि स्विस री ही त्यातली मोठी नावं. कोणत्या आजाराला किती जोखीम धरायची याच्या नियमपुस्तिकाही या पुनर्विमा कंपन्या तयार करतात. एकच नियमपुस्तिका वापरणाऱ्या दोन कंपन्या तुम्हाला जवळपास सारखंच उत्तर देणार. वेगळी वापरणारी कदाचित वेगळं देईल. तुमची केस नेहमीच्या चौकटीत बसत नसेल तर ती स्वतंत्रपणे पुनर्विमा कंपनीकडे पाठवता येईल का, हे ब्रोकरला विचारा. अनुभवी ब्रोकर लगेच 'हो, बघतो' म्हणेल. प्रश्नच न समजणारा ब्रोकर या कामाचा नाही.

अर्ज भरताना

लपवू नका. हे मी नीतीच्या बाजूने म्हणत नाही, हिशेबाच्या बाजूने म्हणते आहे. लपवून घेतलेली पॉलिसी नेमकी पैशांची गरज पडते तेव्हा हातातून जाते. मोठा क्लेम आला की कंपनी जुने रेकॉर्ड मागवते. तोवर भरलेले हप्ते, मिळवलेला वेळ आणि घरच्यांचा भरवसा सगळं एकदम जातं, आणि त्या वेळी उत्तर द्यायला बहुधा आपण नसतो, आपली माणसं असतात.

पण लपवू नका म्हणजे विचारलेल्याहून जास्त सांगत सुटा असंही नाही. प्रश्न शब्दशः वाचा. 'गेल्या पाच वर्षांत' विचारलं असेल तर गेल्या पाच वर्षांचं उत्तर द्या. 'कधीही' असेल तर कधीही. 'सध्या कोणती औषधं घेता?' यात हार्मोनची गोळी येतेच. बीआरसीएसारख्या (स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिक धोका दाखवणाऱ्या) जनुकीय तपासणीबद्दल विचारलं असेल तर आधी आपल्या देशात कंपनीला तो प्रश्न विचारायची मुभा आहे का ते बघा. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्य विम्यात जनुकीय माहिती वापरायला बंदी आहे, पण जीवन विमा त्या कायद्यात येत नाही.

अर्ज एजंटला भरू देऊ नका. 'मॅडम, हे लिहिलं तर पास होणार नाही, मी नाही असं लिहितो' हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. असं म्हणणारा माणूस वाईट हेतूने बोलत असेलच असं नाही, पण सही तुमची आहे. ऑनलाइन अर्जात ओटीपी दिला म्हणजे सही केलीच. ओटीपी देण्याआधी भरलेला अर्ज पूर्ण उघडून वाचा, 'नाही'वर पडलेली एकेक खूण तपासा आणि प्रत जपून ठेवा. फोनवर वैद्यकीय प्रश्न विचारले जाणार असतील तर कागद समोर घेऊन बसा, तारखा आठवणीवर सोडू नका.

उत्तर आलं की ते कसं वाचायचं

नेहमीच्या हप्त्यावर मंजुरी आली तर आनंदच. बहुतेकांना त्याहून वेगळं काहीतरी येतं.

लोडिंग म्हणजे जादा हप्ता. तो दोन तऱ्हेने लागतो. एक, जोखीम टक्क्यांनी वाढवून: शंभर टक्के लोडिंग म्हणजे तुमची जोखीम सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट धरली आहे. हे पॉलिसीच्या शेवटापर्यंत चालतं. दुसरा, विमा रकमेच्या दर हजारामागे ठरावीक जादा रक्कम, तीही ठरावीक वर्षांपुरती. कॅन्सरमध्ये ही दुसरी तऱ्हा पुष्कळदा वापरतात, कारण सुरुवातीच्या वर्षांतली जोखीम पुढे ओसरते. आकडा पहिल्या वर्षी मोठा दिसतो आणि माणूस नाही म्हणून मोकळा होतो. असं करू नका. पॉलिसीच्या पूर्ण मुदतीचे हप्ते दोन्ही तऱ्हांनी मांडून बघा. पाच वर्षांपुरतं लोडिंग अनेकदा एकूणात स्वस्त पडतं.

वगळणूक, म्हणजे ठरावीक आजाराला संरक्षण न देण्याची अट, आली असेल तर तिची भाषा अक्षर न अक्षर वाचा. 'स्तनाच्या कॅन्सरशी संबंधित खर्च वगळला' आणि 'कोणत्याही प्रकारचा कॅन्सर व त्यातून उद्भवणाऱ्या सर्व गुंतागुंती वगळल्या' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरी अट असेल तर वीस वर्षांनी झालेला, पहिल्याशी काडीचाही संबंध नसलेला आतड्याचा कॅन्सरही त्यात जातो. इथे घासाघीस करता येते. ब्रोकरमार्फत लिहून विचारा की वगळणूक त्या अवयवापुरती करता येईल का, किंवा ठरावीक वर्षांपुरती. मी पाहिलेल्या अर्जांत हे दोनदा झालं आहे. विचारलंच नसतं तर झालं नसतं.

'पुढे ढकललं' हा नकार नव्हे. कधी यायचं आणि येताना काय आणायचं, हे लेखी मागा.

नकार आला तर कारण लेखी मागा आणि ते आपल्या फाइलशी ताडून बघा. माझ्यासारखा एखादा राहिलेला कागद, ग्रंथींचा चुकीचा आकडा, दुसऱ्याच रुग्णाचा रिपोर्ट, यांपैकी काही सापडू शकतं. सापडलं तर दुरुस्तीसह फेरविचार मागा. नवा अर्ज करू नका. कंपनीच्या तक्रार विभागाकडून समाधान झालं नाही तर विमा लोकपाल किंवा नियामकाकडे जाता येतं. ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे लोकपालाकडे तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत.

कोणता विमा किती अवघड

सगळ्यांत अवघड आहे तो गंभीर आजाराचा विमा. त्यात कॅन्सर हा एक प्रमुख आजार असल्याने कॅन्सर होऊन गेलेल्याला बहुधा मिळत नाही, किंवा कॅन्सर वगळूनच मिळतो. त्यासाठी जीव फार आटवू नका. तो हप्ता बाजूला ठेवत गेलात तर स्वतःचा निधी होतो. जीवन विमा वेळ आणि कागद जमले की पुष्कळांना मिळतो. मात्र 'एकही वैद्यकीय प्रश्न नाही' अशी जाहिरात करणाऱ्या पॉलिसीचं छोट्या अक्षरातलं वाचा: पहिल्या दोन-एक वर्षांत आजाराने मृत्यू झाला तर बहुधा फक्त भरलेले हप्ते परत मिळतात, विमा रक्कम नाही. दुसरं काही मिळत नसेल तर ठीक, पण पहिला पर्याय म्हणून नको.

कर्जाच्या विम्यासाठी बँक आपलीच पॉलिसी पुढे करते. ती घेण्याचं बंधन आहे का ते विचारा. जुनी जीवन विमा पॉलिसी कर्जापोटी बँकेच्या नावे करता येते, किंवा सहकर्जदाराच्या विम्यात मोठा वाटा ठेवता येतो.

प्रवास विम्यात लोकांना उगाच धास्ती वाटते. तिथे प्रश्न कॅन्सर कधीकाळी झाला होता का एवढाच नसतो. सध्या प्रकृती स्थिर आहे का, औषध बदललं का, एखाद्या तपासणीचा निकाल यायचा बाकी आहे का, हे असतं. म्हणून स्कॅन आधी करून घ्या, निकाल हातात येऊ द्या, मग विमा काढा. हाताला लिम्फेडेमा (लसिका साचून येणारी सूज) असेल किंवा कधी रक्ताची गाठ झाली असेल तर तेही सांगा, कारण लांबच्या विमान प्रवासात त्रास व्हायची शक्यता त्याचीच जास्त.

कायदा कुठे काय देतो

युरोपात गेल्या काही वर्षांत एक मोठी गोष्ट घडली आहे. तिला 'विसरलं जाण्याचा हक्क' म्हणतात: उपचार संपून ठरावीक वर्षं झाली आणि आजार परतला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी जुना कॅन्सर सांगायचीच गरज नाही. फ्रान्सने २०१६ मध्ये ही मुदत दहा वर्षं ठेवली आणि २०२२ मध्ये पाचावर आणली. शिवाय माणशी दोन लाख युरोपर्यंतचं गृहकर्ज साठीच्या आत फिटणार असेल तर तिथे प्रकृतीची प्रश्नावलीच नाही. नेदरलँड्समध्ये २०२१ पासून जीवन विम्यासाठी दहा वर्षं, आणि २१ वर्षांच्या आत निदान झालं असेल तर पाच. स्पेनने २०२३ मध्ये पाच वर्षं केली, त्याच वर्षी इटलीने दहा, तरुणपणी निदान झालेल्यांना पाच. युरोपीय संघाच्या २०२३ च्या ग्राहक कर्ज निर्देशाने सदस्य देशांना कर्जाशी जोडलेल्या विम्यासाठी जास्तीत जास्त पंधरा वर्षांची मर्यादा घालून दिली आहे. दुसरीकडे राहणाऱ्या आपल्यासाठीही याचा उपयोग आहे: इतके देश एवढ्या वर्षांनंतर जुना आजार बाजूला ठेवू शकतात, हे ब्रोकरला लिहिलेल्या पत्रात सांगता येतं.

अमेरिकेत २०१४ पासून आरोग्य विमा कंपन्यांना आधीच्या आजारामुळे विमा नाकारता येत नाही किंवा जास्त हप्ता लावता येत नाही. जीवन विम्याला हे लागू नाही. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यात कॅन्सर निदानाच्या दिवसापासून अपंगत्वाच्या व्याख्येत येतो, त्यामुळे कंपनीने वेगळी वागणूक दिली तर ती विश्वासार्ह माहितीवर आधारलेली आणि वाजवी असावी लागते. भारतात २०२४ पासून आरोग्य विम्यात आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ ३६ महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही, आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली की सिद्ध झालेली फसवणूक सोडता माहिती दिली नाही या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. जीवन विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. हे वाचून कुणी 'मग तीन वर्षं लपवू' असा अर्थ काढू नये. त्या तीन वर्षांतच आजार परतायची शक्यता सर्वांत जास्त असते. शिवाय ३६ महिन्यांची मर्यादा म्हणजे कंपनीने विमा दिलाच पाहिजे असं नव्हे. आयुष्मान भारत योजनेत बसत असाल तर तिथे आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, म्हणून ते आधी तपासा.

पॉलिसी हातात आल्यावर

पहिल्याच आठवड्यात ती वाचा. बहुतेक ठिकाणी पसंत पडली नाही तर परत करायला मोजके दिवस असतात, भारतात तीस. पॉलिसीला तुमच्या अर्जाची प्रत जोडलेली असते. त्यात कॅन्सरच्या प्रश्नापुढे 'हो' आहे ना, तारखा बरोबर आहेत ना, हे बघा. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी ईमेलने कळवा आणि पोच ठेवा.

लोडिंग लागलं असेल तर ते आपोआप उतरत नाही. फेरआढावा कधी मागता येईल हे पॉलिसी घेतानाच लिहून घ्या. माझा दुसरा अर्ज चार वर्षांनी मंजूर झाला, ठरावीक वर्षांच्या जादा हप्त्यासह. दर तपासणीनंतर नवा रिपोर्ट त्याच फाइलमध्ये जातो. फाइल कुठल्या कप्प्यात आहे, ब्रोकरचा नंबर कुठे लिहिला आहे आणि पहिल्या पानावरचं पत्र कुणाला दाखवायचं, हे मी घरच्यांना एकदा बसवून सांगितलं आहे. पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे, इकोही त्याच दिवशी करून घेणार आहे.